घुमटाकार विटांची भट्टी

घुमटाकार विटांची भट्टी हे लाकडाच्या जाळावर तापवून पाव, भाकरीसदृश रोट्या, पिझ्झा, मांस व भाज्या भाजण्याचे बांधीव पाकसाधन आहे. सपाट विटांचा तळ, त्यावर अर्धगोलाकार वा बसका घुमट, समोर कमानीचे एकच तोंड आणि त्या तोंडाबाहेर धुराडे अशी तिची रचना असते. जाळ आणि पदार्थ दोहोंना एकच कोठी असते. विटा भाजण्याच्या वीटभट्टीशी हिचा संबंध नाही. तंदूर हेही लाकूड वा कोळशावर चालणारे भाजण्याचे साधन असले तरी तो मातीचा, वरून उघडा रांजण असून पोळी त्याच्या उभ्या भिंतीला चिकटवतात. घुमटाकार भट्टीत पदार्थ तळावर ठेवला जातो.

इतिहास

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात ३० हून अधिक बेकऱ्यांचे अवशेष सापडले आहेत. त्यांतील विटांच्या घुमटाकार भट्ट्या आजच्या भट्ट्यांहून तत्त्वतः वेगळ्या नाहीत. एका भट्टीत तर उद्रेकाच्या वेळी ठेवलेले ८१ पाव कोळसा झालेल्या अवस्थेत मिळाले. रोमन काळानंतरही भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशात, पुढे सर्व युरोपात आणि युरोपीय वसाहतींतून अमेरिका खंडात हा प्रकार टिकून राहिला.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथे गव्हाच्या फुगवलेल्या पावाची परंपरा रुजली. यिस्टऐवजी माडाची सूर वापरून पीठ आंबवण्याची युक्ती ही तिची स्थानिक देणगी होय. ‘पाव’ हा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आला असून पाव भाजणाऱ्यास गोव्यात ‘पदेर’ किंवा ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दाचाच अपभ्रंश आहे. उंडो, पोळी, कातरो पाव, कांकणां हे गोव्यातील पावाचे प्रकार आजही अनेक गावांत लाकडाच्या भट्टीतच भाजले जातात.

कार्यतत्त्व

भट्टीत पदार्थाला उष्णता तीन मार्गांनी मिळते: तापलेल्या तळाकडून वहनाने, घुमटाकडून प्रारणाने आणि कोठीत फिरणाऱ्या गरम हवेकडून अभिसरणाने. घुमटाचा आतला पृष्ठभाग वक्र असल्यामुळे प्रारण तळावर बऱ्यापैकी सारखे पडते आणि थंड कोपरे उरत नाहीत. तोंडाच्या खालच्या भागातून थंड हवा आत शिरते, जाळावरून घुमटाकडे चढते आणि छताला घासत तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर पडते. म्हणजे एकाच तोंडाने हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे काम होते. धुराडे घुमटाच्या माथ्यावर न ठेवता तोंडाबाहेर ठेवण्याचे कारण हेच. माथ्यावर भोक ठेवल्यास सर्वांत गरम हवा तेथूनच निघून जाते.

विटा हा येथे उष्णतेचा साठा असतो. आतील व्यास १०० सेंमी आणि घुमटाची जाडी ११.५ सेंमी धरल्यास घुमट व तळ मिळून विटांचे वजन सुमारे ५७० किलो भरते. एवढे वस्तुमान ३० अंशांवरून ३५० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास अदमासे १६० मेगाज्यूल उष्णता लागते. काहीही वाया गेले नाही असे मानले तरी हे दहा-अकरा किलो सुक्या लाकडाइतके आहे, आणि बरीच उष्णता धुराबरोबर जात असल्याने प्रत्यक्षात याच्या दुपटीहून अधिक लाकूड लागू शकते. त्यामुळे एका पिझ्झासाठी भट्टी पेटवणे किफायतशीर नसते. मात्र एकदा तापलेली भट्टी जाळ विझल्यावरही कित्येक तास भाजत राहते.

आकार व मापे

घरगुती भट्टीचा आतील व्यास साधारणपणे ९० ते १०५ सेंमी ठेवतात. पावासाठी अर्धगोलाकार घुमट, म्हणजे व्यासाच्या निम्मी उंची, सोयीची असते. पिझ्झासाठी नेपल्सच्या पद्धतीचा बसका घुमट पसंत केला जातो, कारण माथा तळाच्या जवळ आल्याने वरून प्रारण तीव्र मिळते. नेपल्समधील पिझ्झा सुमारे ४८५ अंश तापलेल्या तळावर ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. २०१७ मध्ये युनेस्कोने तेथील पिझ्झा-कारागिरांच्या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

सर्वांत महत्त्वाचे प्रमाण म्हणजे तोंडाची उंची. ती घुमटाच्या आतील उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी. कॅनडातील क्यूबेक प्रांतात टिकून राहिलेल्या जुन्या भट्ट्यांमध्येही हेच प्रमाण आढळते. घुमट ५० सेंमी उंच असेल तर तोंड ३१ ते ३२ सेंमी उंच येते. तोंड याहून फार ठेंगणे केल्यास जाळ गुदमरतो आणि फार उंच केल्यास भट्टी तापत नाही. तोंडाची रुंदी व्यासाच्या निम्म्याच्या आसपास पुरते.

साहित्य

घुमट व तळ यांसाठी बाजारात ‘फायर ब्रिक’ या नावाने मिळणाऱ्या अग्निसह विटा वापरतात. त्यांचे नेहमीचे माप २३० × ११५ × ७५ मिमी असते. वर दिलेल्या मापाच्या भट्टीस घुमटासाठी सुमारे ११५, तळासाठी ३० आणि कापण्यातील नुकसान व कमान धरून एकूण १६० ते १८० विटा लागतात. चांगल्या भाजलेल्या तांबड्या विटांचीही भट्टी होते आणि जुन्या भट्ट्या अशाच होत्या. मात्र वारंवार तापून-थंड होऊन त्यांचे पापुद्रे सुटतात. वीट व वाळूतील क्वार्ट्‌झ ५७३ अंशांच्या आसपास स्फटिकरचना बदलून एकदम प्रसरण पावतो, हे त्याचे एक कारण आहे. जाळाला उघड्या भागात चुनखडी, संगमरवर, नदीतले गोटे व साधे काँक्रीट वापरू नये. गोट्यांत अडकलेले पाणी वाफ होऊन दगड फुटू शकतो, तर सिमेंटच्या बंधाची ताकद ३०० अंशांच्या पुढे झपाट्याने कमी होत जाते.

जोडणीसाठी तयार उच्चतापसह मसाला मिळतो. तो न मिळाल्यास तीन भाग बारीक वाळू आणि प्रत्येकी एक भाग सिमेंट, चुना व फायर क्ले असा मसाला घरगुती बांधणीत सर्रास वापरला जातो. उच्च तापमानाला सिमेंट निकामी झाले तरी चुना व माती सांधा धरून ठेवतात. उष्णतारोधनासाठी सिरॅमिक तंतूंची चादर, कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते किंवा पाच ते दहा भाग व्हर्मिक्युलाइट व एक भाग सिमेंट यांचे हलके काँक्रीट वापरतात. सिरॅमिक तंतू व विटा कापताना उडणारी धूळ ही दोन्ही फुप्फुसांना घातक असल्याने ते काम मुखपट्टी लावून, आणि कापणी शक्यतो पाणी सोडत करावी लागते.

बांधणी

जोते व तळ

भट्टीचे एकूण वजन टनाच्या वर जाते. म्हणून पाया, त्यावर दगडी वा ठोकळ्यांच्या भिंती आणि त्यावर सळईचा स्लॅब असे जोते करतात. शिजवण्याचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच आल्यास वाकावे लागत नाही. जोत्याखालची पोकळी लाकडे ठेवण्यास उपयोगी पडते. गच्चीवर भट्टी घ्यायची असेल तर हे वजन इमारत पेलू शकते का, हे अभियंत्याकडून तपासून घेणे अनिवार्य आहे.

हौशी बांधणाऱ्यांचे लक्ष बहुधा घुमटाकडे असते. परंतु भट्टी नीट न तापण्याचे मूळ पुष्कळदा तळाखाली सापडते. विटा थेट स्लॅबवर मांडल्या तर स्लॅब उष्णता शोषत राहतो, तळ कधीच पुरेसा तापत नाही आणि पाव वरून करपून खालून कच्चा राहतो. पुढे ही चूक दुरुस्त करण्यास सगळी भट्टी पाडावी लागते. त्यामुळे स्लॅबवर प्रथम १० सेंमी जाडीचे व्हर्मिक्युलाइट काँक्रीट किंवा ५ सेंमीचे कॅल्शियम सिलिकेट तक्ते घालतात. जुन्या काळी काही प्रदेशांत याच जागी वाळू, मीठ व फुटक्या काचा भरत असत. त्यावर वाळू व फायर क्लेचा पातळ थर पसरून विटा मसाल्याविना, एकमेकींना भिडवून मांडतात. फावड्याची धार विटेच्या कडेला अडकू नये म्हणून मांडणी तिरपी ठेवण्याची प्रथा आहे. घुमट तळाच्या विटांवर न उचलता त्यांच्या भोवतीने उचलल्यास तडकलेली वीट पुढे बदलता येते.

घुमट

विटा अर्ध्या कापून त्यांची ११५ मिमी लांबी भिंतीच्या जाडीत ठेवतात. १०० सेंमी व्यासाच्या पहिल्या थरात साधारण २७ अर्ध्या विटा बसतात आणि माथ्यापर्यंत सुमारे दहा थर होतात. आकार अचूक राहावा यासाठी तळाच्या मध्यबिंदूशी सर्व दिशांना फिरणारी, त्रिज्येएवढ्या लांबीची दांडी खिळवतात. तिच्या टोकाला वीट टेकवून बसवली की प्रत्येक वीट केंद्रापासून समान अंतरावर आणि केंद्राकडे तोंड करून येते. विटांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडवून बाहेरच्या बाजूची पाचरीच्या आकाराची फट मसाल्याने भरतात. आत मसाला जितका कमी दिसेल तितका तो पुढे पदार्थात कमी गळतो. भिंतीप्रमाणेच येथेही खालच्या थराचा उभा सांधा वरच्या विटेखाली झाकला गेला पाहिजे.

पहिले चार-पाच थर आधाराविना उभे राहतात. त्यापुढे कल वाढतो आणि ओली वीट घसरू लागते. तेव्हा ती मसाला धरेपर्यंत टेकूने रोखावी लागते. थराचे वर्तुळ पूर्ण झाले की विटा एकमेकींना दाबून धरतात आणि टेकू काढता येतो. दुसरी पद्धत अधिक जुनी आहे: ओल्या वाळूचा घुमटाच्या आकाराचा ढीग रचून, त्यावर कागद पसरून विटा बांधतात व मसाला सुकल्यावर तोंडातून वाळू उपसून काढतात. माथ्याची शेवटची वीट मोजून, कापून बसवावी लागते.

तोंडाची कमान व घुमट जेथे मिळतात ती जागा सर्वांत अवघड असते, कारण दोन वक्र पृष्ठभागांच्या छेदावर प्रत्येक विटेचा कोन वेगळा येतो. कमान आधी लाकडी साच्यावर उभी करून घुमटाचे थर तिला आणून भिडवणे सोपे जाते. तोंडाबाहेरच्या ओट्यावर १५ ते २० सेंमी व्यासाचे धुराडे घेतात.

उष्णतारोधन व पावसापासून रक्षण

घुमटावर ५ ते १० सेंमी जाडीची सिरॅमिक चादर गुंडाळून वर व्हर्मिक्युलाइटचा थर व शेवटी गिलावा करतात. रोधन ओले झाले की निरुपयोगी ठरते आणि गिलाव्यात पडणाऱ्या बारीक तड्यांतून पाणी सहज आत शिरते. कोकण-गोव्याच्या पावसात केवळ गिलाव्यावर विसंबता येत नाही. भट्टीवर स्वतंत्र छप्पर आवश्यक असते. छपराचे लाकूड धुराड्यापासून पुरेसे दूर ठेवावे.

पहिली तापवणी

नव्या भट्टीच्या विटा, मसाला व रोधन यांत बरेच पाणी असते. पाण्याची वाफ झाल्यावर तिचे आकारमान १,६०० पटींहून अधिक वाढते, त्यामुळे घाईने मोठा जाळ केल्यास घुमट तडकतो. किमान एक आठवडा भट्टी सावलीत सुकू देतात. मग पहिल्या दिवशी लहानसा जाळ करून आतील तापमान १५० अंशांपर्यंत काही तास राखतात आणि दररोज सुमारे ५० अंशांनी वाढवत पाच ते सात दिवसांत ३५० अंशांपर्यंत जातात. गिलाव्यातून वाफ निघताना दिसली तर चढ थांबवतात. श्रम करून बांधलेल्या अनेक भट्ट्या याच आठवड्यात, पहिल्या मेजवानीच्या उत्साहात, तडकतात.

योग्य तऱ्हेने सुकवलेल्या घुमटालाही केसाएवढे तडे जातात आणि ते धोक्याचे नसतात. अर्धगोलाकार घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंशांपर्यंत आडवे वलय दाबाखाली असते, त्याखाली ते ताणाखाली जाते. वीटकाम ताण सोसत नाही, म्हणून तडे बहुधा खालच्या भागात उभे पडतात. आतला भाग बाहेरच्यापेक्षा अधिक प्रसरण पावल्याने त्यात भर पडते. भट्टी थंड झाल्यावर असे तडे बरेचसे मिटतात. वीट सुटून खाली सरकू लागली असेल तरच दुरुस्तीची गरज असते.

वापर

बाभूळ, सुरू, आंबा यांसारखे चांगले वाळलेले लाकूड वापरतात. रंगवलेले वा रसायन लावलेले लाकूड, प्लायवुड आणि कण्हेरासारख्या विषारी झाडांचे सरपण अन्नाच्या भट्टीत घालू नये. जाळ पेटल्यावर घुमट आधी काजळीने काळा पडतो. दीड-दोन तासांनी, विटा साधारण ३५० ते ४०० अंशांवर गेल्या की काजळी जळून घुमट पुन्हा उजळ होतो. भट्टी तापल्याची ही जुनी खूण तापमापकाइतकीच भरवशाची आहे.

पिझ्झासाठी निखारे एका बाजूला सारून जाळ चालू ठेवतात. पावासाठी मात्र निखारे पूर्ण बाहेर काढून, तळ ओल्या फडक्याने पुसून, तोंड दाराने बंद करून उष्णता सर्वत्र सारखी होऊ देतात. पाव साधारण २३० ते २६० अंशांवर भाजतात. तापमान अजमावण्यासाठी चिमूटभर पीठ तळावर टाकण्याची रीत आहे: ते लगेच काळे पडले तर भट्टी अजून फार गरम आहे, हळूहळू बदामी झाले तर पाव आत सारता येतो. पावांतून निघालेली वाफ बंद कोठीत साचून राहते व तिच्यामुळे कवच तकतकीत येते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ऊबेवर फळे वा मसाले वाळवता येतात.

धूर व निर्बंध

जळत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो. त्यामुळे भट्टी बंदिस्त खोलीत पेटवू नये आणि बाहेर काढलेले निखारे झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत. दाट वस्तीत धूर हा शेजाऱ्यांचाही प्रश्न ठरतो. मुंबईच्या वायुप्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. लाकडासाठी बांधलेल्या जुन्या भट्ट्या वायू वा विजेवर चालवण्याचा खर्च आणि पावाच्या चवीत पडणारा फरक हे बेकरीचालकांचे मुख्य आक्षेप होते.