पापडीची पतपेढी आणि कामातल्या वृत्तीचे मोल

वसई रोड स्थानकाकडून वसईच्या किल्ल्याकडे जाताना लागणारे पापडी हे गाव आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत मोडत असले, तरी पंचक्रोशीत त्याची ओळख तीन गोष्टींनी टिकून आहे. पहिली तिथला आठवडी बाजार. दुसरी अवर लेडी ऑफ ग्रेसचे चर्च, ज्याला १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाल्यावर कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य देवालयाचा, दर्जा मिळाला. आणि तिसरी बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय. ही बँक १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी म्हणून सुरू झाली. बँकांचे इतिहास बहुधा ठेवी, कर्जे आणि शाखा यांच्या आकड्यांत लिहिले जातात. अशा पतपेढ्यांच्या आरंभीच्या व्यवहारात मात्र आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि कामाच्या जागेच्या इतिहासात तिला अधिक महत्त्व दिले पाहिजे: माणसाची कामाविषयीची वृत्ती पारखण्याची आणि तिला रोकडे मोल देण्याची एक रीत या संस्थांनी घालून दिली.

या रीतीचे मूळ जर्मनीत सापडते. फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) याने १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था उभारली, तेव्हा तारण देण्यासारखे काही नसलेल्या माणसालाही कर्ज मिळावे, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी त्याने संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा एका चर्चच्या परिसरापुरते आखून घेतले आणि सभासदांवर अमर्याद जबाबदारी टाकली, म्हणजे एकाने कर्ज बुडवले तर ते फेडण्याचा भार बाकीच्या सर्वांच्या मालमत्तेवर येईल अशी व्यवस्था केली. मद्रास सरकारच्या सांगण्यावरून सर फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात सादर केलेल्या अहवालाचा सारा रोख भारतातही असा एखादा रायफायझेन शोधून काढण्यावर होता. त्यातून पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला आणि १९१२ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. १९०४ च्या कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारी हाच सर्वसाधारण नियम होता. पापडीत पतपेढी निघाली ते वर्ष रायफायझेनच्या जन्मशताब्दीचे होते; हा निव्वळ योगायोग म्हणावा, पण लक्षात राहण्यासारखा.

अमर्याद जबाबदारीच्या नियमामुळे शेजाऱ्याची पारख ही चौकसपणाची बाब न राहता खिशाची बाब झाली. कर्ज मागणाऱ्याला ते कशासाठी हवे हे सांगावे लागे आणि सभासदांपैकी जामीन उभे करावे लागत. मग गावातल्याच माणसांची पंचकमिटी, जी या पद्धतीत बिनपगारी काम करी, त्या अर्जाचा निर्णय घेई. वसईसारख्या बागायती मुलखात अशी पारख करणे फारसे अवघड नव्हते. केळी, पानवेली, ऊस आणि भाजीपाला यांची इथली शेती विहिरींवर आणि बावखळांवर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, अवलंबून असे. पाणी रहाटाने उपसावे लागे आणि पानवेलीची वाडी तर चार दिवसही दुर्लक्ष खपवून घेत नसे. त्यामुळे कोणाचा रहाट पहाटे फिरतो आणि कोणाचा उन्हे वर आल्यावर, कोणाच्या पाटाला गळती आहे, मजुराला कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण बाजाराच्या दिवशी टोलवतो, या गोष्टी वाडीच्या कुंपणाआड लपून राहत नसत. सावकाराच्या दप्तरात जमीन आणि दागिने यांची नोंद असे; या संस्थांनी उद्योगी स्वभावालाही जवळजवळ तारणाचा दर्जा दिला. या पद्धतीला दुसरी बाजूही होती. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे नाते, पाडा आणि जात यांचे वजनही पारड्यात पडते, आणि गावाच्या कडेला राहणारा मजूर बहुधा सभासदच नसल्यामुळे त्याची वृत्ती कितीही चांगली असली तरी तिची दखल घेणारे कोणी नसे.

वृत्तीचे मोल करण्याची कल्पना मात्र या प्रदेशाला नवी नव्हती. १७१५–१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात सेवक कसा पारखावा आणि त्याला काय द्यावे याचा विचार आहे. सेवकाला सेवेचे वेतन मिळतच असते, म्हणून कामगिरीच्या बदल्यात वंशपरंपरेने चालणारी जमीन देऊन राज्याचा कस कमी करू नये. विशेष काम केल्यास द्रव्य द्यावे, अधिक मोठी सेवा सांगावी, असा त्याचा आशय आहे. पुढच्या मराठी राजवटीने हे धोरण किती पाळले हे इनामांच्या याद्या पाहिल्या की दिसतेच. तरीही मानाच्या वस्तूंची एक काटेकोर उतरंड तयार झाली. शेला-पागोटे, सोन्याचे कडे, अब्दागिरी आणि पालखी या त्या उतरंडीच्या पायऱ्या, आणि पालखीचा मान मिळाला की भोयांच्या पगारासाठी वेगळी नेमणूक बांधून मिळत असल्याने तो मान नुसता मिरवण्यापुरता राहत नसे. चिमाजी आप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये वसई घेतली त्या काळात याच पद्धतीने माणसे धरून ठेवली जात होती. पारख करणारा आणि देणारा मात्र एकच असे, आणि त्याची मर्जी फिरली तर दाद मागायला दुसरे दार नसे.

मर्जी हेच माप झाले की काय घडते, याचे सर्वांत उघडे उदाहरण वसईच्या उत्तरेस, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव या भागांत दिसते. तिथे लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे उचलणारा वारली तरुण त्या कर्जापोटी त्याच्याच घरी राबू लागे, त्याची बायकोही राबू लागे आणि हिशेब कधी फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मालकाच्या बोलण्यात ‘चांगला गडी’ म्हणजे उलट न बोलणारा गडी. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध वारल्यांना उभे केले, तेव्हा कालपर्यंत ज्यांच्या इमानाची वाखाणणी होत होती तीच माणसे एका दिवसात माजलेली ठरली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदवला आहे. नोकराच्या ‘सकारात्मक वृत्ती’विषयी आज जे बोलले जाते, त्यातला बराच भाग ऐकताना हा इतिहास आठवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पापडीत पतपेढी निघाली त्याच सुमारास दक्षिणेकडच्या मुंबईत दुसराच वाद पेटला होता. १८६७ पासून विरारहून मुंबईला रेल्वे जात असल्याने वसईकरांचा त्या शहराशी रोजचा संबंध होता. १९१७ मध्ये, महायुद्धाच्या महागाईत, कापड गिरण्यांनी पगारावर १० टक्के युद्धभत्ता सुरू केला आणि पुढे तो वाढवला. नंतरची काही वर्षे नफ्यातून वार्षिक बोनसही मिळाला. १९२३ चा बोनस नाकारला गेल्यावर १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या चौकशी समितीने मात्र, बोनसवर कामगारांचा कायद्याने बजावता येईल असा हक्क नाही, असा निर्णय दिला. देणाऱ्याच्या खुशीचा हा पैसा हक्काचा ठरायला १९६५ चा बोनस प्रदान कायदा यावा लागला. त्या कायद्यात काय नाही हे पाहण्यासारखे आहे. हसतमुख असणे, तत्पर असणे, मालकाशी निष्ठा राखणे यांपैकी कशाचीही अट तिथे नव्हती. बोनस गमावण्यास फक्त फसवणूक, कामाच्या जागी दंगा किंवा हिंसक वर्तन, आणि चोरी, अपहार किंवा मालमत्तेची नासधूस या कारणांनी बडतर्फ होणे पुरेसे मानले होते. २०१९ च्या वेतन संहितेने त्यात लैंगिक छळाबद्दलच्या दोषसिद्धीची भर घातली.

पापडीची पतपेढी बँक झाली, तिच्या शाखा गावाबाहेर गेल्या आणि इतर सर्व सहकारी बँकांप्रमाणे तिथेही खिडकीपलीकडे पगारी कर्मचारी बसू लागला. सभासदसंख्या वाढली की रहाट कोणाचा वेळेवर फिरतो हे कमिटीला ठाऊक असण्याचा प्रश्न उरत नाही; कर्जदाराची पारख पतगुणांकावर सोपवली जाते आणि कर्मचाऱ्याची वरिष्ठाने भरलेल्या वार्षिक अहवालावर. सरकारी नोकरीत या अहवालाला कित्येक दशके गोपनीय अहवाल म्हणत. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवायचा आणि अनुकूल शेरा फायलीतच ठेवायचा, असा प्रघात होता. २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हा प्रघात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. सीमा रस्ते संघटनेतील या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी मात्र पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ असणे आवश्यक होते, आणि एरवी कौतुकाचा वाटणारा तो एक शब्द त्याला न कळता त्याच्या आड आला. लष्कर वगळता सार्वजनिक सेवेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो, साधारण असो वा उत्तम असो, वाजवी मुदतीत कळवली पाहिजे आणि तिच्याविरुद्ध निवेदन देण्याची संधी दिली पाहिजे, असा निकाल न्यायालयाने दिला.