हिंगोलीतली भूकंपाची धास्ती

मराठवाड्याच्या मनात भूकंपाची भीती बसली ती 30 सप्टेंबर 1993 रोजी. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे 10 हजार माणसे दगावली. बहुतेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. दख्खनच्या कातळाला धोका नाही, हा समज 1967 च्या कोयना भूकंपानंतरही तग धरून होता, कारण त्याचे खापर धरणावर फोडता येत होते. किल्लारीने तो समज मोडला.

हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव तालुका किल्लारीपासून लांब आहे. 2002 च्या भूकंपक्षेत्र नकाशात हिंगोली जिल्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवला आहे. पण भीती नकाशा पाहून ठरत नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात अनेक वर्षे जमिनीतून गूढ आवाज येत राहिले. उथळ, लहान भूकंपात असा गडगडाट होतो. मात्र किल्लारी आठवणाऱ्याला प्रत्येक आवाज मोठ्या धक्क्याची वर्दी वाटतो.

21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि काही मिनिटांत 3.6 चा दुसरा. 10 जुलैला पुन्हा 4.5. किल्लारीची तीव्रता 6.2 धरली, तर तिथली ऊर्जा 4.5 च्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. आकड्यांत हे अंतर प्रचंड असले, तरी घरातून अंगणात पळणाऱ्याला ते जाणवत नाही. 1993 ला अफवा एसटीने आणि बाजारकरूंच्या तोंडून पसरत. आता भूकंपाची बातमी भांडी वाजायची थांबण्याआधी मोबाइलवर असते. तिच्या मागोमाग ‘आज रात्री पुन्हा’ अशा धर्तीचा मजकूर फिरला, की गावच्या गाव जागते. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगण्याची पद्धत कुणाकडेच नाही. त्यामुळे वेळ सांगणारा संदेश खोटाच समजावा.

तरी ही सारी भीती अनाठायी नव्हे. माळवद मागे पडून पत्र्याची घरे आली, ओझे कमी झाले. पण वावटळीत पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवले जातात. मार्च 2024 च्या धक्क्यांनंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवरचे हे दगड काढून टाकण्याचे आवाहन केले.