म्हशीच्या पाठीवरची अक्षरं

तिसरी पाळी सुटते. पंचिंग करून तू गेटबाहेर येतोस तेव्हा कानात अजून मशीन फिरतच असतं. तू परभणीचा. कागल तुला ऑफर लेटरवर पहिल्यांदा भेटलं. एमआयडीसीपुढचं ‘पंचतारांकित’ वाचून आईनं विचारलं होतं, “हाटेलात लागलास का रे?”

गावाचा इतिहास सांगणारा भेटला तोही बाहेरचाच. क्वालिटीतला बिहारी जोडीदार. केंद्रीय बोर्डातून बारावी झालेला. त्यांच्या हिंदीच्या पुस्तकात ‘जूझ’ नावाचा धडा होता. इथल्याच आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला. तू मराठी माणूस, पण ‘झोंबी’ नुसती ऐकून होतास. लाज वाटली, मग लायब्ररीतून आणलीस.

आता कंपनीच्या बसच्या काचेला डोकं टेकव. डोळे मीट.

1940 चं दशक. शेड नाहीत, हायमास्ट नाहीत. ऊसच ऊस. गुऱ्हाळाच्या चुलवाणातला धूर खाली बसलाय, काहिलीतल्या रसाचा गोड वास घशात चिकटतोय. एक पोरगा उसाला पाणी पाजतोय. शाळेला जायचंय, पण बापाची अट आहे: दिवस उगवायच्या आत रानात यायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा. संध्याकाळी पुन्हा ढोरं. म्हशीवर बसून तो कविता जुळवतो. कागद नाही, पेन्सिल नाही. काटकीनं म्हशीच्या पाठीवरच ओळ ओढतो. काळ्या कातडीवर पांढुरका ओरखडा उमटतो. पाठ करतो, पुसतो, पुढची लिहितो. तू वाकून बघायला जातोस, तर म्हैस शेपूट मारते.

आणखी मागं चल. 21 मार्च 1920, रविवार. कागल जहागिरीतलं माणगाव. हे आज हातकणंगले तालुक्यात, तुझ्या खोलीपासून दुचाकीच्या टप्प्यात. अस्पृश्यांची परिषद भरलीय. उन्हात गर्दी बसलीय आणि अध्यक्ष आहेत अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. त्यांचं ‘मूकनायक’ पाक्षिक निघून दोन महिनेही झालेले नाहीत. दुसऱ्या दिवशी खुद्द शाहू महाराज उभे राहतात आणि तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला, असं लोकांना सांगून टाकतात. गादीवरचा राजा पुढारीपण दुसऱ्याच्या हाती देतोय. तुझ्या शेजारचा म्हातारा ऐकताना तोंडावर उपरण्याचा बोळा धरतो.

हे महाराजही मुळात कागलच्या घाटग्यांचे, यशवंतराव. 1884 साली दत्तक गेले. यादव शिकायला बाहेर पडले. या गावानं माणसं बाहेर धाडली, आणि तुम्ही दोघं आत आलात. सातबाऱ्यावरची रानं प्लॉट नंबर झाल्यावर आलात, हेही खरंच. तो हिशेब खोलीमालक आजोबा कधीकधी जेवणानंतर काढतात. तू गप्प ऐकतोस.

बस कचकन थांबते. डोळे उघडतोस. म्हशींचा कळप रस्ता अडवून निवांत चाललाय, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालतोय. बिहारी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत मोबाईलनं फोटो काढतोय. तू स्क्रीनवर बघतोस. चेहरे नाहीत, शिंगं नाहीत, नुसत्या पाठी.