सून येतेच आहे!

इंग्रजीतला 'सून' हा शब्द हजार वर्षांपूर्वी चक्क 'त्याच क्षणी' या अर्थाचा होता. पुढं माणसांनी 'सून येतो' म्हणत इतका उशीर केला, की बिचारा 'लवकरच'वर आला. 'अनॉन', 'प्रेझेंटली' हे त्याचे भाऊबंदही मुळात 'आत्ताच्या आत्ता'वाले; तेही यथावकाश ढिले पडले. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर 'बाय अँड बाय' मागते, म्हणजे ताबडतोब! आजच्या वाचकाला वाटावं, पोरीला काही घाई नव्हती. शब्द बोलून झिजत नाहीत हो, न पाळून झिजतात. आणि साहेबाला हसायचं कशाला? आपण तर 'आलोच' म्हणतो, तेही भूतकाळात, आणि टॉवेल शोधायला लागतो.