समुद्रातल्या पवनचक्क्या आणि साडेआठ हजार सभासद

चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिल्या असतील. सोबतची पोरं विचारतात, "ह्या कुणाच्या गं?" आपण सांगून टाकतो, "कंपनीच्या." आज मी तुम्हाला डेन्मार्क देशाची हकिगत सांगणार आहे. तिथे पवनचक्क्या जमिनीवरून समुद्रात गेल्या, आणि राजधानीच्या अगदी समोर उभ्या राहिलेल्या वीस पवनचक्क्यांपैकी दहा साध्यासुध्या माणसांच्या मालकीच्या झाल्या. ते कसं घडलं, ते ऐका.

सुरुवात करावी लागते दुधापासून. १८८२ साली डेन्मार्कच्या ह्येडिंग या गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. मग गावोगावी डेअऱ्या निघाल्या. नियम असा, की एका सभासदाला एकच मत. वीस गाईंच्या मालकाला एक आणि दोन गाईंवाल्यालाही एकच. त्यावरून तिकडे एक म्हणच पडली : डोकी मोजायची, गुरं नाही. त्यांच्या भाषेत डोकी आणि गुरं हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात, म्हणून ती सगळ्यांच्या तोंडी बसली. ही म्हण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता नव्वद वर्षं पुढे येऊ. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव भडकले. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालत होती. सरकारने रविवारी मोटारी चालवायला बंदी केली. रिकाम्या हमरस्त्यांवरून लोक सायकली घेऊन निघाले. वीज कंपन्यांनी आणि सरकारने उपाय ठरवला अणुभट्ट्यांचा. लोकांना तो पटेना. १९७५ साली ऑर्हूस शहरातल्या ॲने लुंड नावाच्या विद्यार्थिनीने एक बिल्ला रेखाटला : पिवळ्या रंगावर हसरा लाल सूर्य, आणि भोवती शब्द, "अणुऊर्जा? नको, आभारी आहे." भांडण नाही, शिव्या नाहीत, सभ्य नकार. तो बिल्ला कितीतरी भाषांत जगभर गेला. १९८५ साली डेन्मार्कच्या संसदेने अणुवीज आपल्या आराखड्यातून काढून टाकली.

पण नुसतं नको म्हणून चूल पेटत नाही. त्याच काळात क्रिस्टियन रीसेगर नावाच्या एका सुताराने घराजवळ पवनचक्की बांधली आणि तिची वीज सरळ सार्वजनिक तारेत सोडली. लोहार, सुतार, शेतीची अवजारं करणारे छोटे कारखाने या धंद्यात उतरले. एकट्याला चक्की परवडत नव्हती, म्हणून शेजारीपाजारी एकत्र येऊन एक चक्की घेऊ लागले. डेअरीची सवय होतीच. १९९० नंतरच्या दशकात पवनचक्कीत वाटा असलेल्या कुटुंबांची संख्या लाखाच्या वर गेली.

मग समुद्रात कशाला जायचं? देश लहान, जमीन कमी, आणि समुद्रावरचा वारा जास्त जोराचा, जास्त एकसारखा. १९९१ साली लोलां बेटाच्या किनाऱ्याजवळ, विंडेबी गावासमोर अकरा पवनचक्क्या उथळ पाण्यात उभ्या राहिल्या. जगातलं हे समुद्रातलं पहिलं पवनऊर्जा केंद्र. सगळ्या चक्क्यांची मिळून ताकद पाच मेगावॅटपर्यंत. आज एकेक चक्की त्याहून मोठी असते. पण विंडेबीच्या चक्क्या वीज कंपनीच्या होत्या. जमिनीवर लोक मालक होते. समुद्रात गेल्यावर ते नुसते बघे राहतात की काय, असा प्रश्न आला.

त्याचं उत्तर मिळालं कोपनहेगनमध्ये. शहरापासून साडेतीन किलोमीटरवर मिडलग्रुंडेन नावाचा उथळ पट्टा आहे. १८०१ साली याच पट्ट्याला वळसा घालून इंग्रजांच्या नेल्सनने डॅनिश आरमारावर हल्ला केला होता. पुढे दोनशे वर्षं बंदरातला गाळ इथे टाकला जाई. १९९७ साली काही नागरिकांनी सहकारी मंडळी स्थापन केली आणि शहराच्या वीजसंस्थेबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत काम हाती घेतलं.

शहराच्या तोंडासमोर काही उभं करायचं म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांत ते येणार. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, आवाज येईल. त्यांना जमिनीवरची चालू चक्की दाखवायला नेलं. कुणी म्हणालं, गाळात जड धातू आहेत, खणलं तर पाण्यात पसरतील. त्याच्या तपासण्या झाल्या. कुणी म्हणालं, दिसायला वाईट. पहिला आराखडा होता तीन रांगांत सत्तावीस चक्क्यांचा. हरकती ऐकून तो बदलला. चक्क्या वीस झाल्या, आणि तीन रांगांऐवजी एकच हलकी कमान ठरली. कोपनहेगनची जुनी तटबंदी जशी वळत जाते, तसंच हे वळण. निसर्गप्रेमींच्या संघटनेची स्थानिक शाखाही शेवटी बाजूने उभी राहिली.

पैशाचं असं केलं. अपेक्षित विजेचे ४०,५०० भाग पाडले. एक भाग म्हणजे वर्षाला हजार युनिट वीज. किंमत ४,२५० क्रोनर, म्हणजे त्या वेळच्या आपल्या वीस-पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. साडेआठ हजारांहून जास्त लोक सभासद झाले. सभेत मात्र तोच जुना नियम. भाग कितीही असोत, मत एकच.

चक्क्यांचे काँक्रीटचे पाये एका जुन्या जहाज कारखान्याच्या कोरड्या गोदीत ओतले, आणि पाण्यातून नेऊन तीन ते सहा मीटर खोलीवर ठेवले. २००० साल संपता संपता वीसही चक्क्या फिरू लागल्या. ताकद ४० मेगावॅट, त्या वेळी समुद्रातलं जगातलं सर्वांत मोठं केंद्र. शहराच्या गरजेतली तीन-चार टक्के वीज तिथून येऊ लागली. टक्का लहान आहे. पण राजधानीसमोर एवढं मोठं बांधकाम झालं आणि मोठं भांडण झालं नाही, ही गोष्ट लहान नाही.

पुढचा इतिहासही सांगायला हवा, नाहीतर ही परीकथा होईल. ४,२५० क्रोनर सगळ्यांकडे नव्हते, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याला सभेत मतही नव्हतं. पुढे चक्क्या इतक्या प्रचंड आणि महाग झाल्या, की शेजाऱ्यांच्या वर्गणीने होणारं ते काम राहिलं नाही. २००९ पासून कायद्याने कंपन्यांवर बंधन आलं, की निदान वीस टक्के हिस्सा जवळच्या रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करायचा. ते बंधन २०२० साली काढलं. दरम्यान २०१६ मध्ये पश्चिम किनाऱ्याजवळच्या दोन केंद्रांचं काम स्वीडनच्या सरकारी कंपनीला मिळालं. वीज स्वस्त मिळणार होती. पण किनाऱ्यावरच्या लोकांनी तक्रारी केल्या, पर्यावरणाच्या अभ्यासात भर घालावी लागली, आणि काम कितीतरी लांबलं. समुद्र त्याच देशाचा, वारा तोच, माणसंही तीच. फरक होता तो कोणाला आधी विचारलं आणि वाटा कोणाचा, यात.

हे आपण कशाला ऐकायचं? भारताने २०१५ साली समुद्रातल्या पवनऊर्जेचं धोरण ठरवलं. पहिली नजर गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आहे. त्या पाण्यात होड्या जातात, आणि आलेली मासळी बाजारात विकणाऱ्या बायका आहेत. नकाशावर रेघ मारायच्या आधी त्यांना विचारलं, तर रेघ बदलू शकते, तीन रांगांची एक कमान होऊ शकते, हे कोपनहेगनने दाखवलं आहे.

आणि आपल्यापुरतं बोलायचं, तर सहकार आपल्याला नवा नाही. साखर कारखाना आहे, दूध संस्था आहे. धार काढते कोण, वैरण आणते कोण, शेण उचलते कोण? आणि संस्थेच्या सभासद यादीत नाव कुणाचं आहे? डोकी मोजायची असं एकदा ठरलं, की आपलं डोकं त्या मोजणीत आहे का, हे बघणं आपलं काम. पुढची वार्षिक सभा येईल, तेव्हा मैत्रिणींनो, आधी ती यादी मागून बघा.