अथेन्स, ग्रामसभा आणि संविधानिक नीतिमत्ता
आपल्या ग्रामसभेची प्राचीन अथेन्सच्या सभेशी तुलना करताना बाबासाहेब आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८चे संविधानसभेतील भाषण आठवावेच. संविधानिक नीतिमत्तेचा विचार त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटकडून घेतला. क्लेइस्थेनिसने इ.स.पू. ५०८च्या सुमारास अथेन्समध्ये लोकसत्तेची घडी बसवली. प्रतिपक्षानेही घटनेची चौकट मानावी, ही वृत्ती, म्हणजेच संविधानिक नीतिमत्ता, तिथे मुद्दाम रुजवावी लागली, असे ग्रोट मांडतो. आपल्याकडे ती अजून रुजलेली नाही, म्हणून प्रशासनाचे तपशीलही घटनेत हवेत, हा बाबासाहेबांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. खेड्यांवरची त्यांची कठोर टीका याच भाषणातली. तुलना करताना दोन्ही सभांमधला फरकही ध्यानात ठेवावा: अथेन्सच्या सभेत स्त्रिया आणि गुलाम यांना जागा नव्हती. ग्रामसभेत मतदारयादीतला प्रत्येक जण सभासद असतो. —संपा.