मुक्या जिवाची फिर्याद



आजच्या व्याख्यानाचा विषय भूतदया हा आहे, असे पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल, की आता तासभर संतवचने ऐकावी लागणार. तसे होणार नाही. भूतदयेचे महत्त्व महाराष्ट्रात कोणी कोणाला सांगावे, अशी स्थिती नाही. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगा तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतणारे एकनाथ, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, ह्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न जरा वेगळा आहे. दया जर इतकी जुनी, तर मुक्या जनावराला छळणे हा गुन्हा कधी ठरला? आणि ज्याला बोलता येत नाही, त्याची फिर्याद नोंदविण्यास प्रथम कोण पुढे आले?

राजाज्ञेच्या रूपाने प्राण्यांची कणव प्रथम आपल्याच देशात प्रकट झाली, असे म्हणावयास हरकत नाही. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शिलांवर जी शासने कोरविली, त्यांत माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. राजाच्या मुदपाकखान्यात रोज हजारो जीव मारले जात. ते दोन मोर व एक हरीण ह्यांवर आले आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे तो कबूल करतो. ह्या शासनमालेतील काही भागांचे तुकडे आपल्याच ठाणे-वसईच्या मुलखात, सोपाऱ्याला सापडलेले आहेत. परंतु अशोकाचे शासन हे राजाचे शासन होते. राजा गेला, साम्राज्य मोडले आणि आज्ञा शिळेवर राहिली. नंतरच्या शतकांत दया राहिली ती व्यक्तीच्या अंतःकरणात आणि धर्मसंस्थेच्या आवारात. वाटेवर बैलाची शेपटी पिरगाळणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. बैल ज्याचा, मर्जी त्याची.

युरोपात ह्याहून निराळी स्थिती नव्हती. उलट तेथे बैलावर कुत्री सोडणे व कोंबड्यांच्या झुंजी लावणे हे भर चौकातील करमणुकीचे प्रकार होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस विचाराचे वारे पालटू लागले. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जेरेमी बेंथम ह्या कायदेपंडिताने असा मुद्दा मांडला, की जनावराला बुद्धी आहे की नाही, वाचा आहे की नाही, हे प्रश्न गैरलागू होत. त्याला वेदना होते की नाही, एवढेच पाहावे. १८०९ साली लॉर्ड अर्स्किन ह्यांनी पार्लमेंटात ह्या विषयावर विधेयक आणले. वरिष्ठ सभागृहाने ते मानले, कनिष्ठ सभागृहाने फेटाळले. अखेर १८२२ साली कायदा झाला तो रिचर्ड मार्टिन ह्या सभासदाच्या खटपटीने.

हा मार्टिन म्हणजे कोणी साधुपुरुष नव्हे. आयर्लंडातील गॉलवे परगण्याचा हा जमीनदार द्वंद्वयुद्धांसाठी प्रसिद्ध होता. परंतु घोड्यागुरांचे हाल त्याला पाहवत नसत. त्याच्या कायद्याने घोडा, गाढव, गाय, मेंढी इत्यादी जनावरांना निर्दयपणे मारणे हा दंडास पात्र गुन्हा ठरला. कायदा करून मार्टिन स्वस्थ बसला नाही. तो स्वतः लंडनच्या रस्त्यांवर हिंडे, गुन्हेगाराला न्यायाधीशापुढे खेची आणि फिर्यादी म्हणून उभा राही. एका खटल्यात त्याने मार खाल्लेले गाढवच कोर्टात आणून उभे केले आणि त्याच्या अंगावरील जखमा न्यायाधीशाला दाखविल्या, अशी कथा सांगतात. ह्या प्रसंगाचे चित्रही काढले गेले. कथेत तिखटमीठ किती हे बाजूला ठेवले, तरी तिच्यातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. वाचा नसलेल्या साक्षीदाराचीही साक्ष होऊ शकते. मात्र त्याला कोर्टाच्या दारापर्यंत आणणारा माणूस हवा.

एकट्या माणसाने असे किती दिवस हिंडावे? म्हणून १६ जून १८२४ रोजी लंडनच्या एका कॉफीगृहात काही मंडळी जमली. मार्टिन त्यांत होताच. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले विल्बरफोर्सही होते. बैठक बोलाविली होती आर्थर ब्रूम ह्या धर्मोपदेशकाने. जगातील पहिली मोठी प्राणिक्रौर्य प्रतिबंधक मंडळी स्थापन झाली ती ह्या दिवशी. तिने पगारी निरीक्षक नेमले आणि गुरांच्या बाजारात व कसाईखान्यांत पाठविले. पण पैसा नव्हता. मंडळीच्या कर्जापायी ब्रूमला तुरुंगात जावे लागले, आणि मार्टिनही पार्लमेंटातील जागा गेल्यावर सावकारांना चुकवून फ्रान्समध्ये जाऊन राहिला व १८३४ साली तेथेच वारला. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने ह्याच मंडळीला ‘रॉयल’ हे बिरुद दिले! परोपकारी संस्थांना मानसन्मान लाभतो तो बहुधा संस्थापकांची राखरांगोळी झाल्यावर.

येथे ह्या चळवळीचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे. १८२२ च्या कायद्यात वळू येतो की नाही, ह्यावर कोर्टात काथ्याकूट झाला आणि वळू सुटला. त्यामुळे बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ च्या नव्या कायद्यापर्यंत चालूच राहिला. शिवाय गाडीवान, हमाल, खाटीक ह्यांना दंड होई, पण कोल्ह्यामागे शिकारी कुत्री सोडणाऱ्या सरदाराला कोणी हात लावीत नसे. फ्रान्सने १८५० साली जो कायदा केला, त्यात पाळीव जनावरांना उघड्यावर, लोकांदेखत छळणे एवढाच गुन्हा होता. चार भिंतींआड काय चालते, हे विचारावयाचे नव्हते. थोडक्यात, कायद्याला गरिबाच्या हातातला चाबूक दिसत होता आणि श्रीमंताच्या हातातली बंदूक दिसत नव्हती. हा दोष जगातील प्राणिरक्षणाच्या कायद्यांतून अद्याप पुरता गेलेला नाही.

अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कमध्ये, १८६६ साली हेन्री बर्ग ह्याने अशीच मंडळी काढली. तिने केवळ खटले भरले नाहीत. रस्त्यात कोसळलेल्या घोड्याला उचलून नेण्यासाठी पुढच्याच वर्षी तिने खास गाडी ठेवली. फिर्यादीबरोबर सुटका व शुश्रूषा हीही मंडळीची कामे झाली ती अशी. आणि १८७४ साली एक विलक्षण गोष्ट घडली. पालक म्हणविणाऱ्या बाईकडून मार खाणाऱ्या मेरी एलेन नावाच्या मुलीची दाद कोठेच लागेना, तेव्हा एक समाजसेविका बर्गकडे गेली. मुलीला ‘प्राणी’ ठरवून प्राण्यांच्या कायद्याखाली सोडविले, असे जे सांगतात ते खरे नव्हे. बर्गच्या वकिलाने निराळ्या मार्गाने तिला कोर्टापुढे आणले. परंतु ह्या प्रकरणातून बालकांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली, हे मात्र खरे. ‘आधी माणसांचे पाहा, मग जनावरांचे’ असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

आता आपल्या मुंबईकडे वळू. मुंबईचा आरंभ कायद्यापासून नव्हे, कायद्याविरुद्धच्या दंग्यापासून झाला. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारावीत असा सरकारी नियम होता आणि मारणाऱ्या शिपायांना दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. जून १८३२ मध्ये पारशी लोक खवळले. त्यांना जैन व हिंदू व्यापारी मिळाले. दुकाने बंद झाली, गोऱ्या शिबंदीची रसद अडली आणि फौज बाहेर काढावी लागली. दंगा मोडला; पण त्यातून एक विधायक काम निघाले. जमशेटजी जीजीभाई व मोतीशेट अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईचे पांजरापोळ स्थापन झाले. भुलेश्वराच्या बाजूला गेलेल्यास पांजरापोळ हे नाव सांगावे लागत नाही.

पांजरापोळ ही आपल्याकडील जुनी संस्था. थकलेल्या, भाकड, पंगू जनावराला मरेपर्यंत चारापाणी देण्याचा उदारपणा लंडनच्या मंडळीपाशी नव्हता. परंतु पांजरापोळाच्या दाराबाहेर जनावर मोडेपर्यंत राबविणाऱ्याला ती काही विचारीत नसे. लंडनला कायदा होता, आसरा नव्हता. मुंबईला आसरा होता, कायद्याचा हात नव्हता. हे दोन प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आले. कलकत्त्यास १८६१ साली कोल्सवर्दी ग्रँट ह्यांनी मंडळी काढली होती. मुंबईची मंडळी १८७४ सालची. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेही हेच साल, हा योगायोग मोठा बोलका आहे. पुढे १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांच्या नावाने परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि त्याच्या जोडीने १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. १८९० साली हिंदुस्थान सरकारने देशासाठी कायदा केला. फिर्याद, आसरा आणि औषध ह्या तिन्हींची सोय मुंबईत झाली.

तरीही जनावराचे हाल थांबले नाहीत. कारण पुष्कळसे क्रौर्य आपल्याला क्रौर्य म्हणून दिसतच नाही. गाईम्हशींनी पान्हा सोडावा म्हणून त्यांच्या गुह्यभागात हवा फुंकण्याची ‘फुका’ नावाची अघोरी रीत कलकत्त्याच्या गवळ्यांत होती. दूध पिणाऱ्या घरांना तिचा पत्ताही नसे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींच्या हाती कलकत्त्याहून आलेले वाङ्मय पडले, त्यात हे वर्णन होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी दूध सोडले, त्याच्या कारणांत हे एक प्रमुख होते. हिंदू लोक गाईला माता म्हणतात आणि तिचे हालही तेच करतात, असे त्यांनी १९०९ सालीच ‘हिंद स्वराज्या’त खडसावले होते. माहिती हजारो मैलांवर पोचते आणि एका माणसाची रोजची सवय बदलते, ही लोकजागृतीची खरी ताकद.

दुसरे उदाहरण कैरोचे आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेले हजारो घोडे युद्धानंतर इजिप्तमध्येच विकले गेले. १९३० साली डोरोथी ब्रूक ही ब्रिटिश अधिकाऱ्याची पत्नी कैरोला गेली, तेव्हा ते म्हातारे, हाडे निघालेले घोडे भाड्याच्या गाड्यांना जुंपलेले तिला दिसले. १९३१ साली तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला एक पत्र लिहिले. वाचकांनी पाठविलेल्या पैशांतून पुढील काही वर्षांत असे सुमारे पाच हजार घोडे तिने विकत घेतले. पण तिला लवकरच उमगले, की आज घोडा विकणारा गाडीवान उद्या दुसरा घोडा जुंपणार आहे, आणि तोही उपाशीच आहे. म्हणून १९३४ साली तिने कैरोत घोड्यांचे मोफत इस्पितळ काढले. गरीब मालकाला केवळ गुन्हेगार न ठरविता त्याच्या हातात उपाय देणे, ही लंडनच्या पहिल्या कायद्यात नसलेली गोष्ट तिने साधली.

स्वतंत्र भारतात हे काम हाती घेतले ते नर्तकी म्हणून विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर त्यांनी खाजगी विधेयक आणले. सरकारतर्फे व्यापक विधेयक आणण्याचे आश्वासन पंडित नेहरूंनी दिले, आणि १९६० साली सध्याचा कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले व रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या सुखस्वास्थ्याची काळजी घेणे हे कर्तव्य आहे, असे ह्या कायद्याने सांगितले. १९७६ साली जीवमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले. मात्र त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता तो जास्तीत जास्त पन्नास रुपये, आणि हा आकडा कित्येक दशके जागचा हलला नाही. कर्तव्य डोंगराएवढे आणि धाक राईएवढा!

आपल्या शंकरपटाचा वाद तर ताजाच आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणारा शेतकरी म्हणतो, माझे बैलावर प्रेम आहे. आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु शर्यत न्यायालयाने मान्य केली म्हणजे चाबूक, टोचणी आणि शेपटी चावणे मान्य केले असा अर्थ होत नाही. वेदना टाळण्याच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे न्यायमूर्ती दिल्लीहून पाहू शकत नाहीत. ते पाहणार पटाच्या कडेला उभा असलेला माणूस.

आणि दोनशे वर्षांच्या ह्या इतिहासाचे सारही हेच आहे. अशोकाजवळ राजाज्ञा होती, संतांजवळ करुणा होती, पार्लमेंटाजवळ कायदा होता. ह्यांतले एकही मारणाऱ्याचा हात आपणहून धरू शकले नाही. हात धरला तो रस्त्याने चाललेल्या कोणी तरी, ज्याने मान वळवून पुढे जाण्याऐवजी थांबणे पत्करले. जनावराला फिर्याद लिहिता येत नाही, वकील लावता येत नाही, आणि सोडविणाऱ्याचे आभारही मानता येत नाहीत. टेम्पोत कोंबलेली गुरे, दुकानाच्या पायरीवर उकळते पाणी अंगावर पडलेले कुत्रे, माळ्यावर पिंजऱ्यात विसरलेला पोपट, हे सारे आपल्याच गावात आहे. इस्पितळे आहेत, मंडळ्या आहेत, कायदाही आहे. ह्या सर्वांना कामाला लावणारा फिर्यादी तेवढा दर वेळी नवा शोधावा लागतो, आणि तो ह्या सभागृहात बसलेल्यांतूनच मिळावयाचा आहे.